छोटी तबकडी, मोठी तबकडी

लहान मुलास ‘तुला आई अधिक आवडते की बाबा?’ असे विचारून पेचात टाकणारी वडील मंडळी आपण सर्वांनी पाहिली आहेत. गेल्या दिवाळीत आमच्या नातवाने आम्हांस नेमका असाच पेच घातला, आणि मागचा सारा हिशेब व्याजासह चुकता केला.

पुण्यास अभियांत्रिकी शिकणारा हा मुलगा चार दिवसांसाठी बालाघाटला आला होता. एका संध्याकाळी तो आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “आबा, एकाच बँडच्या दोन रेकॉर्डी ऐकवतो. एक छोटी, एक मोठी. सरस कुठली ते तुम्ही सांगायचं.”

बँडचे नाव किंग क्रिम्सन. रॉक संगीतातील ‘प्रोग्रेसिव्ह’ नावाच्या शाखेचे हे इंग्लंडमधील जुने घराणे. त्यांची पहिली मोठी तबकडी १९६९ साली निघाली. तीन मिनिटांच्या नाचगाण्यात समाधान न मानता लांबच लांब रचना बांधाव्यात, ताल मध्येच मोडून पुन्हा जुळवावा, वाद्यांना बोलू द्यावे, असा या शाखेचा बाणा. १९९४ साली या मंडळींनी ‘व्रूम’ नावाची सुमारे अर्ध्या तासाची छोटी तबकडी काढली. तीत सहा रचना होत्या. पुढच्याच वर्षी ‘थ्रॅक’ ही पूर्ण लांबीची तबकडी आली. छोटीतील चार रचना मोठीत नव्याने वाजवून घेतल्या गेल्या, दोन गाळल्या आणि कितीतरी नव्या घातल्या गेल्या. तेव्हापासून या संगीताच्या भक्तांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, छोटीत जो खडबडीत जिवंतपणा होता तो मोठीत घासूनपुसून नाहीसा झाला. दुसरा म्हणतो, छोटी हा नुसता कच्चा खर्डा. खरे लेखन मोठीत.

आम्ही दोन्ही ऐकल्या. खरे सांगायचे तर पहिल्या पाच मिनिटांत स्वयंपाकघरातून दोनदा विचारणा झाली की, काही पडले का. तरीही कान देऊन ऐकल्यावर एवढे कळले की मुलगा विचारतो आहे तो प्रश्न पोरकट नाही. निकाल मात्र आम्ही राखून ठेवला. कारण तो प्रश्न आमच्या घरात त्याच्या जन्मापूर्वीच येऊन गेला होता, आणि त्याचे उत्तर देण्यात आम्ही एकदा चुकलो होतो.

ती चूक सांगण्यापूर्वी तबकड्यांची थोडी वंशावळ पाहू. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच गायची. भारतात १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हापासून आपल्या गवयांना या तीन मिनिटांशी झुंजावे लागले. पुढे ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आली; तिच्यावर चार गाणी सुखाने मावत. आणि ३३⅓ फेऱ्यांची लाँगप्ले आली, जिच्या एकेका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांचा पसारा मांडता येऊ लागला. आता फेरेच उरले नाहीत. पण ‘छोटी’ आणि ‘मोठी’ हा भेद मात्र उरला आहे.

छोटे म्हणजे उणे, असे मानण्याचे कारण नाही. किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँसाहेब मैफलीत एकेक राग तासभर उलगडीत. त्यांची झिंझोटीतील ठुमरीची तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. पण तीच तबकडी कानी पडून गदगकडचा एक शाळकरी मुलगा इतका वेडावला की १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. तीन मिनिटांनी एका जन्माची दिशा ठरवली! हे कसे घडले? खाँसाहेबांनी तासाभरातील तीन मिनिटे कापून दिली नव्हती. त्या तीन मिनिटांसाठी त्यांनी गाणेच तेवढे बांधले होते. आरंभ, भर आणि शेवट, सारे त्यात होते. माळ्याने तोडलेली फांदी वेगळी आणि कुंडीत वाढलेले रोप वेगळे. रोप उंचीने लहान असले तरी त्याला स्वतःचे मूळ असते.

आता मोठीकडे वळू. मराठी माणसाला सर्वांत मोठी तबकडी कोणती, असे विचारले तर तो क्षणभरही न थांबता ‘गीतरामायण’ म्हणेल. ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेले आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले हे रामायण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस सुरू झाले आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीस संपले. आठवड्याला एक गीत, अशी ५६ गीते. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून बावन्नावर संख्या गेली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके असे कितीतरी आवाज त्या मूळ ध्वनिक्षेपणात होते. १९५७ साली ते पुस्तकरूपाने निघाले. पुढे फडक्यांनी सगळीच्या सगळी गीते एकट्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली आणि लाँगप्ले तबकड्यांचा दहांचा संच झाला.

आम्हां बालाघाटकरांसाठी या तारखांना आणखी एक अर्थ आहे. गीतरामायण चालू होते तेव्हा आमची राजधानी नागपूर होती. वैनगंगेच्या काठचे बालाघाट आणि पलीकडचे गोंदिया एकाच राज्यात नांदत होते. शेवटचे गीत होऊन साडेसहा महिनेच लोटले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, भंडारा, गोंदिया तिकडे गेले. आम्ही इकडे राहिलो, आमची राजधानी भोपाळ झाली. आमचे घर जागचे हलले नाही, पण शाळेच्या पाट्या, कचेरीची भाषा, मुलांची पाठ्यपुस्तके हळूहळू हलली. अशा घरांत मराठी टिकते ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि गाण्यांत. म्हणून आमच्या बाबतीत ‘छोटी की मोठी’ हा प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही. मुलांच्या हाती आपण भाषेचा केवढा तुकडा देतो, असाही तो होतो.

आणि येथेच आमची चूक झाली.

आमच्या थोरल्या बंधूंना, ज्यांना घरात सारे अण्णा म्हणत, एका स्नेह्यांकडे दहा तबकड्यांचा तो संच सापडला. तो विकत घेण्याची ऐपत तेव्हा आमची नव्हती. अण्णांनी टेपरेकॉर्डर नेला, साठ मिनिटांची एक कॅसेट घेतली, आणि तीत मावतील तेवढी आठ गीते निवडून उतरवून आणली. निवड करायला आम्हीही सोबत होतो. रामजन्माचे गीत घेतले. ते नसेल तर चैत्रच सुना. सीतेचे स्वयंवर घेतले, सेतुबंधाचे समूहगीत घेतले, आणि माणसाच्या पराधीनतेविषयी राम भरताला जे सांगतो ते सर्वतोमुखी झालेले गीत तर घेतलेच. सीतेने लक्ष्मणाला विचारलेला शेवटचा प्रश्नही घेतला. एकेक गीत म्हणजे रत्न. ती कॅसेट आमच्या घरी वीस-बावीस वर्षे वाजली. फीत ताणली जाऊन फडक्यांचा आवाज मध्येच जड होई, तरी वाजली. आमची सारी मुले तिच्यावर वाढली.

पण कॅसेटच्या वेष्टनावर अण्णांनी सुबक अक्षरात लिहिले होते, ‘गीतरामायण’. ‘गीतरामायणातील आठ गीते’ असे नव्हे. एवढ्या दोन शब्दांची काटकसर आम्हांला फार महागात पडली.

काही वर्षांपूर्वी अण्णा गेले. तेराव्याच्या आदल्या रात्री पुतण्याने, म्हणजे अण्णांच्या मुलाने, मोबाईलवर गीतरामायण लावले. त्याला वडिलांची आवडती गीते ऐकायची होती. रामाने भरताचे सांत्वन केलेले गीत संपले. आमच्या कॅसेटवर त्यानंतर बाजू बदलत असे. मोबाईलवर बाजू नसते. पुढचे गीत आपोआप सुरू झाले. त्यात भरत उत्तर देतो. बाप गेला, आईही मनाने तुटली, आता निदान आपल्या पादुका तरी मला द्या, असे तो रामाकडे मागतो. आमचा पुतण्या चाळिशीचा गृहस्थ. तो एकदम उठून बसला. म्हणाला, “काका, भरत बोलतो? मला वाटायचं, रामानं समजावलं आणि विषय संपला.”

आम्ही काय बोलणार? लहानपणापासून त्याने रामाचे तत्त्वज्ञान ऐकले होते; पण ते ज्याला सांगितले त्याचे समाधान त्याने पूर्ण होत नाही, तो रडतच राहतो आणि काहीतरी हातात घेऊनच परत जातो, हे त्याला कोणी ऐकवलेच नव्हते. स्वतःचा बाप गेला त्या दिवसांत ते त्याला पहिल्यांदा कळले. त्या रात्री त्याने ते गीत चार वेळा लावले. आठ रत्ने निवडताना आम्ही नेमका त्याच्या उपयोगी पडणारा धोंडा बाजूला ठेवला होता.

तेव्हापासून आम्ही छोटी आणि मोठी यांचा न्याय तीन प्रश्नांनी करतो. वाचकांनी पटल्यास घ्यावेत.

पहिला प्रश्न छोटीला. तू आपल्या पायांवर उभी आहेस काय? कलावंताने स्वतःच मर्यादा पत्करून तेवढ्यात सारे बसवले असेल, तर मोठीशी तुलना करून तिला हिणवू नये. खाँसाहेबांची तबकडी या परीक्षेत शंभर टक्के उतरते. नातवाची ती ‘व्रूम’ही, आमच्या अडाणी कानांना जेवढे कळले त्यावरून, उतरते, नवी जमलेली सहा माणसे एकमेकांचा अंदाज घेत वाजवत आहेत, तो ताजेपणा दुसऱ्यांदा वाजवून येत नसतो.

दुसरा प्रश्न मोठीला. तुझ्यातील दुबळ्या गीतांवाचून तुझे काही अडते काय? कित्येक मोठ्या तबकड्यांत एक-दोन गाणी चांगली आणि बाकीचा भुसा असतो. खरेदीदाराला वजन दाखवायचे म्हणून भरलेला. तो भुसा पाखडून टाकला तरी काही बिघडत नसेल, तर ती तबकडी मोठी नव्हे, नुसती लठ्ठ. गीतरामायणातील छपन्न गीते सारखीच उत्तम आहेत, असा आमचा दावा नाही. आठवड्यास एक या वेगाने लिहिताना आणि चाल लावताना काही गीते निव्वळ कथेचे ओझे वाहण्यासाठी आली. सुमंत वनातून रिकामा रथ घेऊन परततो आणि रामाचा निरोप सांगतो, ते गीत कोणत्या स्पर्धेत कोण गातो? अंगदाची शिष्टाई कोणाच्या ओठांवर असते? पण सुमंताचे गीत काढून पाहा. मग दशरथाचा अंधार अंगावर येत नाही, भरत आईवर एवढा का तापतो ते जाणवत नाही, आणि रामाचे सांत्वन म्हणजे भिंतीवर टांगलेले सुवचन होऊन बसते. सेतूवरून जाताना आपण कमानी पाहतो. पाण्याखालचे दगड कोणी पाहत नाही. मोठ्या कृतीचा खरा कस तिच्या या न निवडल्या जाणाऱ्या गीतांत असतो.

शिवाय संपूर्ण ऐकणाऱ्यालाच कळणारी एक गंमत गीतरामायणात आहे. पहिल्या गीतात कुश आणि लव रामासमोर रामायण गातात. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्या दोघांना रामायण गाण्याची आज्ञा देतात. म्हणजे छप्पन्नावे गीत संपते तेथेच पहिले सुरू होते. निवडीतून हे वर्तुळ कधीच हाती लागत नाही. आमच्याच प्रांतात देवासला राहून कुमार गंधर्वांनी ‘गीतवर्षा’सारखे कार्यक्रम बांधले, त्यातही हेच भान होते, एकेक चीज सुटी ऐकली तरी गोड, पण ओळीने ऐकली म्हणजे सबंध ऋतू अंगावरून जातो.

तिसरा प्रश्न निवडीला. आपण निवड आहोत, हे तू उघड सांगतेस काय? निवड करणे हा गुन्हा नाही. साठ मिनिटांची कॅसेट आणि मध्यमवर्गीय खिसा यांत दहा तबकड्या कशा मावणार? पण निवडीने ऐकणाऱ्याच्या मनात ‘पुढे काय?’ ही भूक ठेवली पाहिजे. पोट भरल्याचा आभास देणारी निवड ही मुळाची वैरीण. आमची कॅसेट सुरेल होती, पण ती लबाड होती. आणि लबाडी अण्णांची नव्हे, आम्हां दोघांची होती.

हे सारे लिहिण्यास निमित्त घडले ते असे. येत्या रामनवमीस आमच्या येथील मराठी मंडळींनी संध्याकाळी गीतरामायणाचा कार्यक्रम ठरवला आहे. वेळ पाऊण तास; मुलांच्या परीक्षा, दुसऱ्या दिवशीच्या नोकऱ्या, हे सारे पाहता त्याहून अधिक मागणे शक्य नव्हते. निवडीचे काम आमच्याकडे आले. बैठकीत जो तो आपापले रत्न सुचवू लागला. पाहता पाहता अण्णांची कॅसेटच पुन्हा तयार होऊ लागली. तेव्हा आम्ही सुचवले की, इकडून तिकडून न वेचता ओळीने सहाच गीते घ्यावीत. सुमंताचा निरोप, दशरथाचा विलाप, भरताचा आईवरील संताप, भरत सैन्यासह येताना पाहून लक्ष्मणाने धनुष्य उचलणे, रामाचे सांत्वन आणि शेवटी पादुकांची मागणी. छोटीच, पण सलग. सहांपैकी एकच गीत सर्वांना पाठ असलेले.

मंडळींत कुजबुज झाली. एक काकू उघडच म्हणाल्या, “रामनवमीला रामजन्म नाही? हे कुठलं बाई नवीन?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अखेर तडजोड झाली: दुपारी बाराला, पाळणा हलवताना, रामजन्माचे गीत काकूच म्हणतील; संध्याकाळी ओळीने सहा गीते होतील. आणि निवेदनात पहिलेच वाक्य असेल की, ही छप्पन्नांपैकी सहा आहेत. यांच्या आधीही गीते आहेत आणि नंतरही आहेत.

पादुकांचे गीत आमच्या नातीच्या वाट्यास आले आहे. ती हिंदी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे. मराठी बोलते, पण वाचताना जोडाक्षराजवळ थबकते. परवा सराव करता करता तिने विचारले, “आबा, पोरका म्हणजे?”

“अनाथ,” आम्ही म्हणालो.

“मग अनाथच का नाही लिहिलं?”

आम्ही क्षणभर गप्प झालो. अनाथ हा शब्द तिच्या पाठ्यपुस्तकातही आहे. तो अर्जात चालतो, आश्रमाच्या पाटीवर चालतो. पोरका मात्र घरातला शब्द आहे. पन्नाशीचा माणूसही आई गेल्यावर पोरका होतो, अनाथ होत नाही. हे तिला सांगितले तेव्हा दाराशी तिचा काका, अण्णांचा मुलगा, उभा होता. तो काही बोलला नाही. नात मात्र म्हणाली, “म्हणजे काका पोरके आहेत.” आणि वहीत त्या शब्दाखाली तिने रेघ ओढली.

आठ रत्नांच्या कॅसेटमध्ये हा शब्द नव्हता. बालाघाटच्या हिंदी शाळेत तो नाही. गोंदियाच्या बाजारात ऐकू येईल, पण तो ऐकायला आता राज्याची सीमा ओलांडावी लागते. सव्विसाव्या गीतापर्यंत चालत गेल्यावाचून तो आमच्या नातीला भेटला नसता. मोठी कृती अशासाठी जपायची; कोणत्या ओळीत कोणाच्या गरजेचा शब्द ठेवला आहे, हे निवडणाऱ्याला आधी कधीच ठाऊक नसते.

नातवाला आम्ही निकाल कळवला आहे. त्याची छोटी तबकडी आपल्या जागी खरी आणि मोठी आपल्या जागी. मात्र छोटीतील चार रचना आवडल्या म्हणून मोठीतील उरलेल्या न ऐकता सोडू नकोस, न जाणो, तुझ्या कामाची एखादी तिथेच असेल. त्याने उत्तर पाठवले, “आबा, हा निकाल नाही, ही पळवाट आहे.” असो. आई की बाबा, याचे उत्तर लहानपणी त्यानेही असेच दिले होते.

ता. क. रामनवमीपासून आमच्या घरी दर शुक्रवारी सकाळी एक गीत, असा नेम सुरू होणार आहे; मूळ ध्वनिक्षेपणाच्या वारी आणि मूळ क्रमाने. छपन्न आठवडे लागतील. ज्या घरांना सोबत यायचे असेल त्यांनी आपापल्या गावी त्याच शुक्रवारी आरंभ करावा. कॅसेटवर, म्हणजे आता मोबाईलवर, नाव मात्र पूर्ण लिहावे.